फास्टॅगविषयीच्या तक्रारी

फास्टॅग ही भारतात टोल अर्थात पथकर वसूल करण्यासाठी वाहनाच्या पुढील काचेवर चिकटवली जाणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून ती राष्ट्रीय महामार्गांवर, तर १ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्र राज्याच्या टोलनाक्यांवर सक्तीची झाली.

रचना

पट्टीत चिप व अँटेना असतो, बॅटरी नसते. नाक्यावरील यंत्राच्या रेडिओ लहरींमुळे चिप वाहनाची ओळख कळवते आणि संलग्न खात्यातून रक्कम वजा होते. पट्टीवर शिल्लक दिसत नाही. त्यामुळे खाते काळ्या यादीत गेल्याचे चालकाला अनेकदा नाक्यावरच कळते.

तक्रारी

पट्टी वाचली न जाणे, एकाच फेरीचे पैसे दोनदा कापले जाणे, उभ्या वाहनाच्या खात्यातून टोल वजा होणे या वारंवार आढळणाऱ्या तक्रारी आहेत. २०१८ च्या नियमानुसार पट्टी वैध असून खात्यात पुरेशी शिल्लक असल्यास, नाक्यावरील यंत्रणा बंद पडली तरी वाहन विनाशुल्क सोडावे लागते. मात्र दोष पट्टीचा की यंत्रणेचा, यावरून वाद होतात. पट्टी अवैध ठरल्यास रोखीने दुप्पट, तर यूपीआयने सव्वापट टोल आकारण्याचा नियम १५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला.

न्यायालयीन निर्णय

सक्तीविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये फेटाळली. सक्तीमुळे मूलभूत हक्कांचा भंग होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.