मेणबत्तीच्या प्रकाशाचा फ्लॅशने साधलेला आभास

मेणबत्तीच्या प्रकाशाचा आभास ही व्यक्तिछायाचित्रणातील एक प्रकाशयोजना आहे. तीत मेणबत्ती, पणती किंवा निरांजन पेटते ठेवले जाते. चेहऱ्यावरील उजेड मात्र बव्हंशी चौकटीबाहेर लपवलेल्या फ्लॅशचा असतो. तो ज्योतीचाच वाटावा, हा या योजनेचा हेतू होय.

गरज

एका मेणबत्तीची दीप्ती सुमारे एक कॅन्डेला असते. ती चेहऱ्यापासून एक फुटावर धरल्यास चेहऱ्यावर जेमतेम ११ लक्स प्रकाश पडतो. आयएसओ १६०० आणि छिद्र एफ/२ ठेवूनही शटर सुमारे १/१५ सेकंद उघडे ठेवावे लागते. तेवढ्यात व्यक्ती किंचित हलली तरी डोळे धूसर येतात. स्टॅन्ली कुब्रिक यांनी ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटातील काही दृश्ये एफ/०.७ छिद्राच्या झाइस भिंगांनी मेणबत्त्यांच्याच उजेडात चित्रित केली, पण तशी भिंगे सर्वसामान्य छायाचित्रकाराच्या आवाक्यातील नव्हेत.

उलट, कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश सरळ समोरून मारल्यास चित्र स्पष्ट येते, परंतु दिव्याचा उजेड पुसला जातो. भाऊबिजेच्या औक्षणाच्या घरोघरच्या छायाचित्रांत हे दिसते: ताम्हन, अक्षता, सुपारी सारे नीट दिसते आणि निरांजनाची ज्योत तेवढी पिवळ्या ठिपक्यासारखी उरते.

हळदणकरांचे चित्र

चौकटीतील दिव्याने चेहरा कसा उजळतो, याचा मराठी वाचकाच्या परिचयाचा उत्तम नमुना छायाचित्र नसून जलरंगचित्र आहे. सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. त्यासाठी त्यांची कन्या गीता दिवा घेऊन उभी राहिली होती. अनेकजण हे चित्र राजा रविवर्मा यांचे समजतात. रविवर्मा १९०६ मध्येच निवर्तले होते.

चित्रातील स्त्रीने ज्योतीवर हाताचा आडोसा धरला आहे. त्यामुळे उजेड बोटांतून लालसर झिरपतो, तिचा चेहरा उजळतो आणि पार्श्वभूमी अंधारात राहते. छायाचित्रकाराला यातून दोन गोष्टी उचलता येतात: प्रकाशाचा उगम पाहणाऱ्यापासून झाकता येतो, आणि अंधार हा चित्राचाच भाग असतो.

दिशा आणि अंतर

फ्लॅश कॅमेऱ्यापासून सोडवून ज्योतीच्याच बाजूला, तिच्याइतक्याच उंचीवर ठेवतात. तो ज्योतीच्या नेमका मागे राहिल्यास मेणबत्तीची सावली व्यक्तीच्या अंगावर पडते आणि बनाव तत्काळ उघडा होतो. म्हणून तो किंचित बाजूला घेतात.

अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौपट घटतो. ज्योत चेहऱ्याजवळ असल्यानेच गाल उजळ, खांदे मंद आणि भिंत काळोखी दिसते. दोन मीटरवरचा फ्लॅश हा उतार देऊ शकत नाही. त्याला शक्य तितका जवळ आणून काळ्या पुठ्ठ्याने किंवा जाळीने त्याचा झोत आवळावा लागतो. मोठी सॉफ्टबॉक्स येथे निरुपयोगी ठरते, कारण डोळ्यांत ज्योतीच्या लहान प्रतिबिंबाऐवजी पांढरी खिडकी उमटते.

रंग

मेणबत्तीचे रंगतापमान सुमारे १९०० केल्विन, तर फ्लॅशचे सुमारे ५५०० केल्विन असते. बाजारात ‘फुल सीटीओ’ या नावाने मिळणाऱ्या नारिंगी जेलचा एक थर फ्लॅशला साधारण ३००० केल्विनपर्यंत, म्हणजे घरगुती पिवळ्या बल्बच्या जवळपास आणतो. ज्योतीशी जुळण्यासाठी असे दोन थर लागतात. त्यांतून मूळ प्रकाशाचा एक तृतीयांशही पार होत नाही, पण येथे प्रकाश थोडाच हवा असल्याने ही अडचण नव्हे. व्हाइट बॅलन्स मात्र दिवसाच्या प्रकाशावर ठेवावा. ‘ऑटो’वर सोडल्यास कॅमेरा हा पिवळेपणा दोष समजून बराचसा काढून टाकतो. जेल प्लॅस्टिकची असल्याने ती ज्योतीपासून दूर ठेवणे आवश्यक आहे.

प्रकाशमापन

फ्लॅशचा प्रकाश क्षणमात्र टिकतो, ज्योत अखंड जळते. म्हणून शटरचा वेळ वाढवल्यास ज्योतीचा उजेड वाढतो, फ्लॅशचा नाही. छिद्र आणि आयएसओ दोहोंवर परिणाम करतात. खोलीतील ट्यूबलाइट मालवून, फ्लॅश बंद ठेवून प्रथम ज्योतीचा आकार आणि भोवतालची आभा नीट येईल असा शटर ठरवतात, आणि नंतर फ्लॅश १/१२८ किंवा १/६४ शक्तीवर जोडतात. घाईने उलट क्रम धरला की ज्योत हमखास फिकी पडते.

औक्षणात निरांजन फिरते राहते, फ्लॅश मात्र जागचा हलत नाही. अशा वेळी तबक फ्लॅशच्या बाजूला येईल त्या क्षणीच शटर दाबावा लागतो.