धाबे, खारी आणि पावसाळ्यापूर्वीचे खान्देशी घर

१/५ जळगाव-धुळ्याकडील जुन्या घरांचे छप्पर म्हणजे धाबे : लाकडी तुळया, त्यांवर काटक्यांचा थर आणि वर जाड माती. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारे हे छप्पर वजनदार असल्याने वादळातही जागचे हलत नसे. त्याला खरी भीती होती ती पाण्याची.

२/५ म्हणून आखाजी उलटली की मृगाच्या आत धाब्याची डागडुजी उरकावी लागे. गवत उपटणे, भेगा व उंदरांची बिळे बुजवणे, पन्हळी मोकळ्या करणे. घरात जळण आणि गोवऱ्या कोरड्या जागी रचल्या जात. कंदिलाच्या काचा पुसून ठेवल्या जात.

३/५ शेवटी धाब्यावर खारी माती पसरत. क्षारांमुळे तिचे सूक्ष्म कण भिजताच सुटे होऊन छिद्रे बुजवतात. पाणी मुरण्याऐवजी पन्हळीकडे वाहते. अशा मातीत गवतही सहसा रुजत नाही.

४/५ या तयारीला मर्यादा होती. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने जिल्ह्याचे ठाणे केल्यापासून धुळे पांझरेकाठी विस्तारले. सप्टेंबर १८७२ च्या महापुराने तेथील घरांची मोठी हानी केली. पाणी वरून न येता पायाशी आले, की मातीची भिंतच विरघळते. तेथे खारीचा उपयोग नसतो.

५/५ आज धाब्यांची जागा स्लॅब आणि पत्र्यांनी घेतली आहे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात मे-जूनची वादळे बागा आडव्या करतात, पत्रे उडवतात, विजेचे खांब पाडतात. धाब्याला भीती पाण्याची होती, पत्र्याला वाऱ्याची आहे. त्यामुळे मृगापूर्वी छपरावर चढायचे ते आता पत्र्यांचे हुक आवळण्यासाठी.