मॅग्नेटोची ठिणगी: काळू-भातसाच्या काठापासून सातपाटीच्या बंदरापर्यंत

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्हा डहाणू-सातपाटीच्या किनाऱ्यापासून थेट सह्याद्रीच्या कड्यापर्यंत पसरलेला होता. त्याच्या पूर्व टोकाला असलेल्या शहापूर व मुरबाड तालुक्यांचा बोटीच्या इंजिनाशी काही संबंध असेल असे वरवर पाहता वाटत नाही. परंतु नदीकाठी पाणी उपसणारे लहान रॉकेल-इंजिन आणि होडीच्या मागील फळीला अडकवायचे जुने इंजिन यांना ठिणगी एकाच जातीच्या यंत्रणेतून मिळत असे, आणि म्हणून मधूनच बंद पडणे व थोड्या वेळाने पुन्हा नीट सुरू होणे हा त्यांचा विकारही एकच होता. या विकाराचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी त्या यंत्रणेचाच इतिहास होय.

शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून नैसर्गिक उताराने मुंबईकडे जात आले. काळू आणि भातसा या नद्यांच्या काठच्या शेतकऱ्याला मात्र उन्हाळी भाजीपाल्यासाठी नदीचे पाणी खालून वर चढवावे लागे, आणि विजेचे खांब न पोहोचलेल्या शेतावर त्यासाठी इंजिनाशिवाय गत्यंतर नव्हते. पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कारखान्यांची डिझेल इंजिने दणकट, पण जड असत. पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर चालवायचे लहान इंजिन दोन माणसांना उचलून डोहापर्यंत नेता येई, आणि पावसाळा आला की घरी आणता येई. या हलकेपणाची किंमत ठिणगीच्या नाजूकपणाने मोजावी लागत असे.

बॅटरीशिवाय, केवळ फिरत्या चुंबकाच्या आधारे ठिणगी निर्माण करणाऱ्या यंत्राला मॅग्नेटो म्हणतात. रोबर्ट बॉश यांनी १८८७ मध्ये एका जागी बसवायच्या इंजिनासाठी कमी दाबाचा मॅग्नेटो तयार केला, आणि १९०२ मध्ये त्यांच्याच कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध करून ठिणगीसाठी स्पार्क प्लग वापरण्याचा मार्ग मोकळा केला. पुढे इंग्लंडमधील विलियर्स कंपनीने चुंबक थेट इंजिनाच्या जडचक्रात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, बसवून ही सारी रचना हातभर जागेत आणली. ब्रिटिश सीगल या प्रसिद्ध बोट-इंजिनाच्या अनेक नमुन्यांवरही विलियर्सचाच मॅग्नेटो असे. शेताचा बांध आणि होडी यांना जोडणारा दुवा हाच आहे.

फ्लायव्हील फिरू लागले की चुंबकामुळे आतील कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांत प्रवाह वाहतो. ज्या क्षणी ठिणगी हवी त्या क्षणी ‘पॉइंट’ नावाच्या दोन छोट्या धातूच्या टोकांमधील स्पर्श तुटतो, प्रवाह एकदम खंडित होतो, आणि त्या धक्क्याने बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगच्या फटीतून ठिणगी उडते. पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी उडून ताकद वाया जाऊ नये म्हणून कंडेन्सर हा विद्युतभार क्षणभर साठवणारा लहानसा डबा जोडलेला असतो. पॉइंटांमधील अंतर साधारणपणे अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असते, म्हणजे संपूर्ण इंजिनाची चाल नखाच्या जाडीएवढ्या फटीवर अवलंबून राहते.

इंजिन पूर्णपणे बंद पडले असेल तर दोष शोधणे तुलनेने सोपे असते, कारण तुटलेली वस्तू तुटलेलीच राहते. कधी चालणाऱ्या, कधी मिस मारणाऱ्या इंजिनाचा दोष मात्र मिस्त्री उघडून पाहीपर्यंत नाहीसा झालेला असतो, आणि याचे प्रमुख कारण उष्णता हे होय. कंडेन्सरच्या आतील थरांचे विद्युतरोधन कमकुवत झाले असेल, तर थंड असताना तो ठीक काम करतो आणि अर्ध्या तासाने तापल्यावर गळू लागतो. कॉइलमधील तार केसाएवढी तुटलेली असेल, तर तापून प्रसरण पावल्यावर तिची टोके एकमेकांपासून दूर जातात व निवल्यावर पुन्हा टेकतात. म्हणूनच सावलीत तासभर ठेवलेले इंजिन पहिल्या दोरीला सुरू होते आणि मालकाचा मिस्त्रीवरचा विश्वास उडतो. जाणता मिस्त्री अशा वेळी इंजिन मुद्दाम तापेपर्यंत चालवतो आणि बंद पडताच, निवण्याआधी, ठिणगी तपासतो. या विद्येचे खरे मर्म या एका सवयीत आहे, आणि ती पुस्तकापेक्षा हाताखाली काम करूनच शिकली गेली.

दुसरे कारण ओलाव्याचे. कोकणपट्टीच्या पावसात पॉइंटांवर बारीक गंज धरतो, खाऱ्या हवेत तो अधिक लवकर धरतो, आणि प्लगकडे जाणाऱ्या जाड तारेच्या भेगांतून वीज इंजिनाच्या अंगावर निसटते; अंधारात ही गळती निळसर रेषेसारखी दिसते. तिसरे कारण सर्वांत फसवे आहे. मॅग्नेटोचे इंजिन बंद करायचे म्हणजे कॉइलचा प्रवाह एका तारेने इंजिनाच्या अंगाशी जोडायचा असतो, त्यामुळे त्या तारेचे वेष्टन घासून गेले की हादऱ्याबरोबर ती मधूनच धातूला टेकते आणि कोणी बटन न दाबताही इंजिन गप्प होते. ती तार सोडवून इंजिन चालवून पाहणे ही बिनखर्चाची परीक्षा असल्याने ती कॉइल बदलण्याच्या फार आधी व्हायला हवी.

प्लग बाहेर काढून, इंजिनाला टेकवून दोरी ओढायची आणि ठिणगी दिसली की कॉइल निर्दोष ठरवायची, ही सर्वत्र रूढ असलेली परीक्षा मात्र अपुरी आहे. सिलिंडरमधील दाबलेल्या वायूतून ठिणगी उडण्यासाठी मोकळ्या हवेपेक्षा कितीतरी अधिक व्होल्ट लागतात, त्यामुळे बाहेर चमकणारी कॉइल आत हरू शकते. रॉकेलमुळे प्लगवर धरणारी काजळी आणि इंधनातील पाण्याचा थेंब यांची लक्षणेही ठिणगीच्या दोषासारखीच दिसतात, म्हणून एका वेळी एकच वस्तू बदलण्याची शिस्त येथे अपरिहार्य ठरते.

हे ज्ञान ग्रामीण भागात खोलवर रुजण्यात स्कूटरचा वाटा मोठा आहे. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकच्या जुन्या नमुन्यांतही फ्लायव्हीलच्या आत पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल हेच कुटुंब होते, त्यामुळे मुंबई-नाशिक रस्त्यावरील गॅरेजमध्ये स्कूटरचे पॉइंट घासायला शिकलेला मुलगा पाण्याच्या इंजिनालाही हात घालू शके.

किनाऱ्यावर इतिहासाने वेगळे वळण घेतले. सातपाटीसारख्या कोळी बंदरांत स्वातंत्र्यानंतर शिडाच्या होड्यांना इंजिने बसू लागली, १९५० च्या दशकात अन्न व कृषी संघटनेचे नौकारचनाकारही भारतात आले, आणि मोठ्या मासेमारी नौकांनी डिझेलच स्वीकारले. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते; तेथे प्लग नाही, पॉइंट नाही, आणि खाऱ्या हवेला खाण्यासाठी ठिणगीची यंत्रणाच नाही. शिवाय पेट्रोलची वाफ बोटीच्या तळाशी साचून पेट घेण्याचा धोका डिझेलमध्ये पुष्कळच कमी असतो. खोल समुद्रात ठिणगी हरवणे म्हणजे जीव धोक्यात येणे, हे लक्षात घेता कोळ्यांची ही निवड अत्यंत शहाणपणाची होती.

होडीला अडकवायच्या इंजिनांतून पॉइंट जाऊ लागले ते १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून. कॅपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार इलेक्ट्रॉनिक स्विचने एकदम कॉइलमध्ये सोडणारी सीडीआय पद्धत त्यांच्या जागी आली, आणि पुढे स्कूटर व पंपांवरही तशाच प्रकारचे बंदिस्त डबे बसू लागले. घासण्याजोगे व फट मोजण्याजोगे काहीच न उरल्याने नित्याची कटकट संपली. तापल्यावर दगा देण्याचा दोष मात्र या डब्यांतही आढळतो, आणि ते राळेने बुजवलेले असल्यामुळे आतील दुरुस्ती होत नाही, संपूर्ण डबाच बदलावा लागतो. नवा डबा विकत घेण्यापूर्वी करायच्या तपासण्या मात्र जुन्याच आहेत: बंद करण्याची तार सोडवणे, अंगाशी जोडलेली तार घासून घट्ट करणे, प्लग बदलून पाहणे, आणि इंजिन तापलेले असतानाच ठिणगी तपासणे.