पदवी इथली, मोजपट्टी तिथली

१९३० साली ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. १८९२पासून मुंबई, कलकत्ता किंवा मद्रास विद्यापीठाच्या पदवीवर ब्रिटिश नोंदवहीत नाव घालता येत होते. ती वाट बंद झाली. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरची विद्या एका रात्रीत उणी झाली नव्हती. बदलला होता तो तिच्यावर ठेवलेला विश्वास. पदवीला परमुलखात मान किती मिळेल, हे त्या पदवीच्या कसाइतकेच तो कस कोण लावतो यावरही ठरते, ही गोष्ट या प्रकरणातून जितकी उघडी पडते तितकी क्वचितच पडली असेल.

पदव्यांच्या दर्जाबद्दलचा कौन्सिलचा आक्षेप निराधार होता, असे मात्र म्हणता येत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने ठरावीक संख्येने बाळंतपणे स्वतः करावीत, असा ब्रिटिश दंडक होता. इथे बायका बाळंतपणासाठी इस्पितळात येतच नसत. सुईण घरी येई. तेव्हा प्रसूतिशास्त्राचे प्रत्यक्ष शिक्षण तोकडे राही, आणि १९२२ साली कौन्सिलच्या वतीने पाहणीसाठी आलेल्या सर नॉर्मन वॉकर यांनी त्यावर बोट ठेवले. रोग्याच्या जिवाशी गाठ असताना तपासणी नको, असे कोण म्हणेल? वाद तपासणीचा नव्हताच. तपासनीस कोणाचा, याचा होता. १९१९च्या राज्यकारभाराच्या सुधारणांनी वैद्यकाचे खाते प्रांतांतल्या लोकनियुक्त मंत्र्यांकडे आले होते. परीक्षा नीट होते की नाही, हे परक्या कौन्सिलला पटेल अशा निरीक्षकाने ठरवायचे, तर मंत्र्यांच्या हाती उरले काय? शिवाय इंडियन मेडिकल सर्व्हिस (आय.एम.एस.) या सरकारी वैद्यकीय सेवेत शिरायला ब्रिटिश नोंदणी लागे. त्यामुळे मान्यता जाणे म्हणजे आपल्याच देशातल्या वरच्या जागांचा दरवाजा लोटला जाणे होते.

यावर निघालेला तोडगा म्हणजे १९३३चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा. स्वतःची कौन्सिल, स्वतःचे निरीक्षक, आणि परदेशी कौन्सिलशी बरोबरीच्या नात्याने बोलणी. १९३६ साली ब्रिटनने पुन्हा मान्यता देऊ केली. कॉलेजांत सुधारणा झाल्या होत्या हे खरे. पण तीन-चार वर्षांत प्रसूतिगृहे काही गजबजून गेली नव्हती. समोर बोलणी करायला अधिकृत संस्था उभी राहिली, हा फरक मोठा होता.

मग हा स्वाभिमानाचा निखळ विजय मानावा का? इथे हिशेब अडतो. नव्या कौन्सिलने फक्त पदवीधरांची दखल घेतली. एल.सी.पी.एस., एल.एम.पी. असे विद्यापीठाच्या पदवीऐवजी परवाना-परीक्षा देऊन झालेले लायसेन्शिएट डॉक्टर तिच्या कक्षेबाहेर राहिले, आणि गावोगाव औषध देणारे बहुतांश तेच होते: देशातल्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६च्या अहवालानुसार देशातल्या सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळपास ३०,००० लायसेन्शिएट. लंडनने जी मोजपट्टी आपल्याला लावली म्हणून आपण चिडलो, तीच घरातल्या धाकट्यांना लावून आपण मोकळे झालो. पदवीधरांची बाजू अशी की बाहेर एक दर्जा दाखवायचा तर आत दोन दर्जे चालणार नाहीत. युक्तिवाद तर्काला धरून आहे, पण त्यातूनच दिसते की परदेशी मान्यतेची किंमत देशातल्या कोणीतरी चुकती केली.

स्वातंत्र्यानंतरही ब्रिटनने दिलेली ही मान्यता चालू राहिली, कारण ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला डॉक्टर हवे होते. १९७५ साली भारतीय पदव्यांची मान्यता पुन्हा गेली आणि परदेशी डॉक्टरांसाठी वेगळी परीक्षा सुरू झाली. आज परदेशातून वैद्यक शिकून परतणाऱ्या आपल्याच मुलांसाठी भारतानेही २००२पासून चाळणी परीक्षा ठेवली आहे. पदवीच्या शिक्क्यावर विसंबण्यापेक्षा उमेदवाराचीच परीक्षा घेणे न्याय्य, हे मान्य. मात्र ती परीक्षा कोण घेतो, उत्तीर्णतेची रेषा कोण आखतो आणि तिला कोणापुढे जाब द्यावा लागतो, हे १९३०चे प्रश्न तिलाही विचारावेच लागतात.