खाणींतील सपाट गाडी व तिची प्रतिकृति

संग्रहांत ताम्रपटाशेजारीं खाणींतील ढकलगाडीस जागा द्यावी असें म्हटल्यास वाचक हंसतील. परंतु जी वस्तु पुष्कळ हातांनीं वापरली, पुष्कळ वेळां दुरुस्त केली, आणि जिच्या वर्णनांत शाई खर्चणें क्वचितच कोणास जरूर वाटलें, ती वस्तु स्वतःच आपला दस्तऐवज असते. अरुंद रुळांवरील सपाट गाडी ही त्यांपैकींच होय. ती मोडींत जाण्यापूर्वीं तिची मापशीर प्रतिकृति करून ठेवणें हें पोथीची नक्कल उतरण्यासारखेंच काम आहे, आणि त्यास नियमहि तेच लागू पडतात, एवढेंच आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

आमच्या बेल्ह्यास, किंबहुना साऱ्या जुन्नर तालुक्यास, लोहमार्गाचें दर्शन अद्याप घडलेलें नाहीं. येथील भूमि काळ्या पाषाणाची. धातूच्या खाणी पाहावयाच्या तर विदर्भाकडे वळलें पाहिजे. तिकडे १८९६ सालीं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही मंडळी निघाली, आणि शतक संपतां संपतां रामटेकच्या बाजूस मनसर येथें मॅंगनीज खणण्यास आरंभ झाला. तारसा स्टेशनापासून वारेगाव-मांद्रीच्या खाणींकडे हलका लोहमार्गहि टाकला गेला. फर्मर साहेबांनीं भूस्तर-संशोधन खात्यातर्फें १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या साऱ्या खाणींचें विवेचन आहे. पुढें १९६२ सालीं त्या जुन्या कंपनीच्या खाणी नव्या सरकारी भागीदारीच्या कंपनीकडे गेल्या. तीच आजची ‘मॉइल’.

प्रवाशांच्या आधीं दगडमाती रुळांवरून गेली, ही गोष्ट आपण विसरतों. बोरीबंदराहून ठाण्यास गाडी गेली ती १८५३ सालीं; परंतु गोदावरीच्या धरणाकरितां राजमहेंद्रीपाशीं १८४५ सालींच दगड वाहणारे रूळ पडले होते, आणि रुडकीस १८५१ सालीं माती वाहण्यास वाफेचें एंजिन लागलें होतें. खाणींसाठीं मात्र हे रूळ अवजड. फ्रान्सांत दकोव्हिल यांनीं आपल्या बीटच्या शेतांकरितां हातानें उचलून हलवितां येतील असे अरुंद रूळ प्रचारांत आणले. बर्लिनच्या ओरेनस्टाइन व कोपेल (स्थापना १८७६) आणि लीड्सजवळील रॉबर्ट हडसन या मंडळींनीं तसलें सामान देशोदेशीं विकलें. चाकें एका घराचीं, सांगाडा दुसऱ्याचा, असा संकर त्यामुळें सहज होई.

मॅंगनीजचें धातुक पाण्याच्या चौपट, कधीं त्याहूनहि जड असतें. मातीनें जी पेटी काठोकांठ भरावी, ती धातुकानें पुरी भरण्यापूर्वींच आंसास असह्य होते. म्हणून या गाड्या आंखूड व ठेंगण्या. सपाट गाडीवर रूळ, नळ, टेकूंचीं लांकडें असा माल जाई. ओंडका फारच लांब असल्यास दोन आंखूड गाड्यांवर तो ठेवीत, व प्रत्येकीवर मध्यभागीं खुंटीवर फिरणारा आडवा तुळवट बसवीत. वळणावर गाड्या वळतात, ओंडका मात्र सरळच राहतो.

ग्रंथांकडे पाहावें तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत खर्चाची खाण भागानें वा खंडानें द्यावी, हलकी राजानें स्वतः चालवावी, इतका बारीक विचार आहे. परंतु त्याचा सारा रोख उत्पन्नावर, माल वाहणाऱ्या साधनावर नाहीं. अॅग्रिकोलाच्या १५५६ सालच्या लॅटिन ग्रंथांत मात्र खाणींतील लहान गाडीचें चित्रासह वर्णन आहे. तिचा आवाज भुंकण्यासारखा म्हणून तिला ‘कुत्रा’ म्हणत, अशी व्युत्पत्तिहि तो देतो. व्युत्पत्तिकारांची जात सर्वत्र सारखीच!

आतां प्रस्तुत गाडीकडे वळूं. एका स्नेह्यांनीं विदर्भांतील एका बंद खाणीच्या आवारांत पडलेल्या सपाट गाडीचीं मापें घेऊन आम्हांस धाडलीं. रुळांमधील अंतर २ फूट, सांगाडा ६ फूट लांब व ३ फूट रुंद. चमत्कार हा कीं, एका आंसाचीं चाकें १४ इंच व्यासाचीं आणि दुसऱ्याचीं १२ इंचांचीं. असें असूनहि वरची फळी समपातळींत राहते. कारण लहान चाकांकडे आंसाची बैठक व सांगाडा यांच्यामध्यें १ इंच जाडीची सागवानी पट्टी घातलेली आहे. त्याच बाजूस बोल्टांच्या भोकांची एक रिकामी ओळ आहे. मोठ्या चाकांकडे ती नाहीं. यावरून मूळचीं चाकें १४ इंचांचीं, आणि लहान जोडी दुसऱ्या कोणत्या तरी गाडीची, मागाहून आलेली, हें उघड होतें. पोथींत असें आढळलें असतां आपण त्यास प्रक्षेप म्हणतों.

प्रतिकृति आम्हीं येथील सुताराकडून करविली. प्रमाण फुटास एक इंच धरलें, म्हणजे रुळांतील अंतर २ इंच. सुतारानें पहिल्यानेंच शंका काढली, ‘गुरुजी, बैलगाडीचा कणा स्थिर, त्यावर चाक फिरतं. इथं तर कणाच फिरतोय. मग वळणावर बाहेरचं चाक जास्त कसं धांवायचं?’ प्रश्न मार्मिक होता. मापें पुन्हां पाहतां उत्तर सांपडलें: प्रत्येक आंसाचें एकच चाक घट्ट ठोकलेलें, दुसरें सैल आहे. तीव्र वळणांच्या खाणींत ही युक्ति पुष्कळदां योजीत.

प्रतिकृतींत गाडी मूळच्या रूपांत दाखवावी, कीं सांपडली तशी? कित्येक हौशी गृहस्थ चारी चाकें सारखीं करून, रंग चढवून ती कांचेंत ठेवितील. आमच्या मतें हा पाठ मनानें शुद्ध करण्याचा प्रकार होय. पुण्याच्या भांडारकर संस्थेंत १९१९ सालीं आरंभिलेल्या व १९६६ सालीं पूर्ण झालेल्या महाभारताच्या आवृत्तींत स्वीकृत पाठाखालीं पाठभेद दिलेले आहेत. वाचकास संपादकाचा निर्णय तपासतां येतो. येथें तर एकच प्रत उपलब्ध. म्हणून प्रतिकृति सांपडल्या स्थितीची, आणि १४ इंची चाकांचें अनुमानित रूप निराळ्या कागदावर, तेंहि अनुमान म्हणूनच, असें आम्हीं ठरविलें.

ती सागवानी पट्टी या प्रमाणांत इंचाचा बारावा भाग, म्हणजे जाड पुठ्ठ्याएवढी होते. सुतारानें ती गाळण्याची परवानगी दोनदां मागितली. शेवटीं पत्त्याच्या पेटीचा पुठ्ठा कापून ती बसविली, आणि तळाशीं मापें, मापें घेतल्याची मिती, व ‘पट्टी मागाहूनची’ एवढे शब्द शाईनें लिहिले.