अंड्यांचे पैसे

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी "कोंबड्या" हा विषय कळवला. त्या हसल्या. "अहो, पाककृतींचे पान यंदा वेगळे आहे," म्हणाल्या. पाककृती नव्हे, इतिहास, असे मी सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग "पण दीड हजार शब्दांच्या वर नको," एवढीच अट घालून त्यांनी होकार दिला.

या लेखाचे निमित्त बेव्हर्ली पार्कातल्या पुष्कळ भगिनींना ठाऊक आहे. आमचे घर तळमजल्यावरचे. मागे हातभर माती आणि एक पत्र्याची पडवी. त्या पडवीत मी आठवडे-बाजारातून आणलेली चार पिल्ले वाढवली. चारही तलंगा आहेत असे विकणाऱ्याने छातीला हात लावून सांगितले होते. चौथीला तुरा फुटला आणि एके दिवशी पहाटे चार वाजता ती आरवली! पुढचे सांगावयास नको. सोसायटीची सभा झाली आणि कोंबड्या हलवाव्यात असे ठरले. तो निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या कानाशी कोंबडा आरवावा हे बरे नव्हे. पण त्या सभेत एका गृहस्थांनी विचारलेला एक प्रश्न मात्र माझ्या मनात सलत राहिला. ते म्हणाले, "हे शहर आहे. इथे कोंबड्या कधी होत्या?"

आता हे शहर केव्हाचे? मिरा-भाईंदरची नगरपालिका १९८५ सालची, महानगरपालिका २००२ सालची. त्यापूर्वी मिरे, नवघर, गोडदेव, भाईंदर, राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन अशी ही गावे होती. खाडीकडे मिठागरे, आत भाताची खाचरे. आणि जिथे भात तिथे कणी आणि कोंडा, जिथे कणी-कोंडा तिथे कोंबडी, हे ओघानेच आले.

ही जोडी किती जुनी आहे पाहा. कोंबडीचा पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा. तो माणसाच्या अंगणात कसा आला, याविषयी २०२२ साली एक मोठे संशोधन प्रसिद्ध झाले. जगभरातल्या उत्खननांत सापडलेली हाडे त्यात पुन्हा तपासली. निश्चितपणे पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे थायलंडमधल्या बान नॉन वाट या गावी निघाली. ती इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली आहेत. भात आणि राळ्यासारखी धान्ये पिकू लागली, सांडलेले दाणे टिपायला रानपक्षी जंगलातून शेताच्या कडेला आला आणि तिथून घराजवळ, असे ते संशोधक म्हणतात. म्हणजे कोंबडीला कोणी पकडून आणले नाही, ती दाण्यामागे आपणहून आली. आणखी एक गंमत आहे. आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा निराळ्या जातीचा. पण आजच्या पुष्कळ कोंबड्यांची जी पिवळी कातडी असते, तिचा गुण त्याच्याकडून आलेला आहे, असे २००८ साली सिद्ध झाले.

आपल्याकडे मात्र कोंबडीला घरात एक मान कधी मिळाला नाही. मनुस्मृतीने गावकोंबडा खाण्यास निषिद्ध ठरवला. कोंबड्याला प्रतिष्ठा होती ती देवांजवळ आणि राजांजवळ. कार्तिकेयाच्या ध्वजावर तो आहे. आमच्या गुजराती शेजारणींची बहुचरामाता तर कोंबड्यावरच बसते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये कोंबड्यांच्या झुंजीचे सविस्तर वर्णन आहे. म्हणजे कोंबडा पुरुषांच्या खेळाचा. कोंबडी आणि तिची अंडी यांच्याविषयी अशा ग्रंथांत फारसे काही सापडत नाही. ते काम बायकांचे होते आणि बायका ग्रंथ लिहीत नव्हत्या.

म्हणून माझा ग्रंथ म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचे माहेर राईचे. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरून त्यांच्याबरोबर एक कोंबडी आली होती. दागिन्यांची यादी घरात कोणाला आठवत नव्हती, कोंबडीचा रंग मात्र त्यांना शेवटपर्यंत आठवत होता. त्या म्हणत, "गाय घरधन्याची, कोंबरी माजी." या चार शब्दांत अर्थशास्त्र आहे. शेत सासऱ्यांच्या नावावर, मिठागरावरची मजुरी सासऱ्यांच्या हातात, भाताची विक्री तेच करीत. पण अंडे विकून आलेला पैसा कोणी मागत नसे. तो डाळीच्या डब्यात राही. आमच्या नणंदेच्या शाळेची फी, बाळंतिणीचा डिंक, एकदा तर सासऱ्यांच्याच औषधाचे पैसे त्या डब्यातून निघाले. सासरे औषध घेऊन बरे झाले. पैसे कुठून आले हे त्यांनी विचारले नाही आणि सासूबाईंनी सांगितले नाही.

हे काम एकटीचे नव्हते. कोंबडी खुडूक झाली की तिला टोपलीत भाताण घालून रवणीला बसवायची. पण खुडूक कोंबडी एकीकडे आणि चांगल्या कोंबड्याची अंडी दुसरीकडे, असे नेहमी व्हायचे. मग अंड्यांची अदलाबदल होई. कोंबडा तीन घरांत एकच असे आणि त्याच्या दाण्याचा वाटा तिघी उचलत. एखादीच्या घरी एकही कोंबडी उरली नाही, तर दुसरी तिला आपली कोंबडी निम्म्या वाट्याने देई. राखायची तिने, पिल्ले दोघींची अर्धी अर्धी. लिहिणे नाही, साक्षीदार नाही. सासूबाई रवणीच्या टोपलीत अंड्यांशेजारी लोखंडाचा तुकडा ठेवीत, गडगडाटाने अंडी कुजू नयेत म्हणून. त्यामागे शास्त्र नाही हे मला ठाऊक आहे. सातव्या-आठव्या दिवशी त्या अंधारात दिव्यापुढे अंडे धरून पाहत आणि आत शिरांचे जाळे दिसले नाही तर अंडे काढून टाकीत. ते मात्र पक्के शास्त्र होते. एकविसाव्या दिवशी टोपलीशी बसायची घाई आम्हा सगळ्यांनाच.

एका उन्हाळ्यात त्यांच्या चौदा कोंबड्या तीन दिवसांत मेल्या. आधी हिरवी हगवण, मग चोच उघडून धापा, मग मान पिळल्यासारखी वाकडी. या रोगाला आपण ‘मानमोडी’ म्हणतो. शास्त्रीय भाषेत त्याला राणीखेत म्हणतात आणि राणीखेतच्या लोकांचा त्यात काही अपराध नाही! १९२६ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आणि जावा बेटावर हा रोग प्रथम ओळखला गेला; लगेच पुढे कुमाऊँतल्या राणीखेत येथे दिसला, आणि आपल्या देशात तेच नाव त्याला चिकटले. त्याच डोंगरांत मुक्तेश्वर येथे जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी संस्था होती. तिथे १९४० च्या दशकात त्यावर लस तयार झाली. म्हणजे सासूबाईंच्या कोंबड्या मेल्या तेव्हा लस होती. ती आमच्या अंगणापर्यंत आली नव्हती, इतकेच.

ती का आली नसावी याचा मी पुष्कळ विचार केला आहे. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते. ती थंडच ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की काही तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या बाईने शंभरांची कुपी घेऊन काय करावे? ज्याच्यापाशी हजार पक्षी आहेत त्याला ती सोयीची. सारा फरक इथून पडत गेला.

हजार पक्ष्यांचे युग आपल्याजवळच सुरू झाले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात केंद्र सरकारने कोंबड्यांच्या पैदाशीची प्रादेशिक केंद्रे काढली, त्यांतले एक गोरेगावच्या आरे दुग्धवसाहतीत. पांढरी लेगहॉर्न, तांबडी ऱ्होड आयलंड रेड अशी मंडळी तिथे आली. विलायती पक्ष्यांचा नाद इकडे नवा असला तरी तिकडे तो फार जुना होता. १८४९ साली बोस्टनमध्ये अमेरिकेतले पहिले कोंबड्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा तिथल्या लोकांना अक्षरशः ‘कोंबडीचा ताप’ चढला होता. एका व्यापाऱ्याने १८५२ साली व्हिक्टोरिया राणीला नऊ ‘ब्रह्मा’ कोंबड्या नजर केल्या. नाव आपल्या ब्रह्मपुत्रेवरून, नजराणा अमेरिकेतून, मान इंग्लंडमध्ये. पुढे त्याच गृहस्थाने त्या साऱ्या वेडाची थट्टा करणारे पुस्तक लिहून पुन्हा पैसे मिळवले. असो.

आपली गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी घालते. वीस-बावीस घातली की ती खुडूक होते. लेगहॉर्न तीनशेच्या घरात जाते, आणि खुडूक होणे तिच्या रक्तातून जवळजवळ काढूनच टाकले आहे. आई होण्याची इच्छा नसलेली कोंबडी माणसाने घडवली, असे म्हणा. पुढे १९७१ साली बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज काढली, पुणे हे या धंद्याचे मोठे ठाणे झाले. १९८२ साली त्यांच्याच पुढाकाराने अंड्यांचे भाव उत्पादकांनीच ठरवावेत म्हणून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. धंदा मोठा झाला, कर्ज आले, शेड आली, पिंजरे आले. कोंबडीची ‘पोल्ट्री’ झाली आणि कागदोपत्री मालक बहुधा पुरुष झाला. डाळीच्या डब्यातला पैसा बँकेत गेला, तो दुसऱ्याच्या खात्यात.

यात नुसते वाईटच झाले असे मात्र नाही. १९५०-५१ साली देशात माणशी वर्षाला पाच अंडी येत. २०२२-२३ साली ती एकशे एक झाली. सासूबाईंच्या घरातच मुलांना अंडे कधी मिळे? आजारपणात. एरवी ते विकायचे. आज बालवाडीतल्या पोराच्या डब्यातही अंडे असते, ते त्या पिंजऱ्यातल्या कोंबडीमुळे, हे मी विसरू इच्छित नाही.

पण हजारांच्या शेडमध्ये रोग शिरला की तोही हजारांचा होतो. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. लाखो पक्षी मारावे लागले, आणि त्या परिघातल्या आदिवासी बायकांच्या अंगणातल्या चार-चार कोंबड्याही त्यांत गेल्या. नियमच तसा आहे आणि तो असावाच लागतो, भरपाईही मिळते. २०२२ साली आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूरजवळ वेहळोली येथे तेच झाले. परंतु भरपाई डाळीच्या डब्याची कशी मोजणार?

एवढे होऊनही अंगणातली कोंबडी संपली नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या पंच्याऐंशी कोटी पाळीव पक्ष्यांपैकी जवळजवळ बत्तीस कोटी परसातले निघाले, आणि मागच्या गणनेपेक्षा ते सुमारे शेकडा पंचेचाळीसने वाढले होते. शेडमधले पक्षी त्याच काळात शेकडा पाचही वाढले नाहीत. गिरिराज, वनराज अशा नव्या जाती आता खेड्यातल्या अंगणात दिसतात. जिथे बचतगटाच्या बायका एकाच सकाळी आपापल्या टोपल्या घेऊन येतात, तिथे शंभरांची कुपी वाया जात नाही. आठवड्याच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा लसीचा एक थेंब, सहा-आठ आठवड्यांनी मुक्तेश्वरच्याच वंशातल्या लसीचे इंजेक्शन. सासूबाईंच्या वाडीत सात-आठ घरच्या बायका होत्या. सगळ्यांचे मिळून शंभर पक्षी सहज भरले असते. कोणी तसे सांगायला आले नाही.

आता माझ्या चार कोंबड्यांविषयी. सभेनंतर एक भगिनी म्हणाल्या, कोंबडा तेवढा द्या, कोंबड्या ठेवा. अंड्याला कोंबडा लागतच नाही. हे अगदी खरे आहे. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधीजींनी आरोग्यावर जे लिहिले, त्यात हाच मुद्दा आहे. कोंबड्याविना घातलेल्या अंड्यातून पिल्लू निघत नाही, तेव्हा दूध चालणाऱ्यास असे अंडे चालण्यास हरकत नसावी, असे त्यांचे म्हणणे. आमच्या मजल्यावरच्या जैन वहिनींना मी हे सांगितले, त्यांनी हसून हात जोडले आणि विषय बदलला. माझीही अडचण वेगळीच होती. कोंबड्याविना अंडी मिळतील, पण रवण नाही. मला अंड्यांपेक्षा रवणीची ओढ होती हे तोपर्यंत माझे मलाही कळले नव्हते.

शेवटी चौघांनाही डोंगरीला एका ओळखीच्या बाईंकडे नेऊन दिले. त्यांचे घर जुने, मागे मोकळी जागा. रिक्षात टोपली मांडीवर होती आणि कोंबडा वाटेत दोनदा आरवला. पैशांची गोष्ट निघाली तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "पैसं कशाला गो, निम्म्या वाट्यानं ठेवतं." हा शब्द मी सासूबाईंच्या पाठीमागे पहिल्यांदाच ऐकत होते.

गेल्या सोमवारी त्यांचा फोन आला. तांबडी कोंबडी खुडूक झाली, अकरा अंड्यांवर बसवली आहे. लोखंड ठेवले का, असे मी विचारले. त्यांनी खिळा ठेवला आहे. आठवडाभराने टॉर्चपुढे अंडी धरून पाहायला मी जाणार आहे. कोणाला यायचे असल्यास दुपारच्या आत निघू, संध्याकाळी त्या रस्त्याला फार गर्दी असते. पिल्ले निघाली की निम्मी माझ्या वाट्याची. ती ठेवायची कुठे, हे अजून ठरलेले नाही.