आज्ञांची यादी कोणी लिहायची?

मालवणच्या खानावळीत शिरलो की आपण आधी भिंतीवरचा फळा पाहतो. सुरमई थाळी, बांगडा थाळी, तिसऱ्यांचे सुके, सोलकढी. नाव सांगितले की पान समोर येते. वाटपात धणे किती, मिरची किती, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असण्याची गरज नसते. संगणकावरचा ‘मेनू’ हा शब्द अशाच खाद्ययादीवरून आला.

संगणकाला आज्ञा टंकून द्यायच्या, ही पद्धत जुनी आहे. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एकाच संगणकावर अनेकजण एकाच वेळी काम करीत. तेथे लुई पूझाँ या फ्रेंच संशोधकाने ‘रनकॉम’ नावाची आज्ञावली लिहिली. नेहमीच्या आज्ञा एका फाइलमध्ये क्रमाने लिहून ठेवायच्या; संगणक त्या एकामागून एक पार पाडी. माणूस आणि यंत्रणा यांच्यामधल्या दुभाष्याला ‘शेल’, म्हणजे कवच, हे नावही पूझाँनीच दिले. १९६९मध्ये सुरू झालेल्या युनिक्समध्ये ही कल्पना वाढली. युनिक्सच्या काही फाइलींच्या नावाअखेरीस दिसणारी ‘आरसी’ ही अक्षरे रनकॉमचीच आठवण आहेत.

आपल्याकडे अनेकांची संगणकाशी पहिली ओळख डॉसमुळे झाली. काळा पडदा आणि लुकलुकणारी खूण. एक अक्षर चुकले की उत्तर येई, ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’. ही चूक परवडणारी होती. खरा धोका होता तो अक्षरे बरोबर, पण क्रम उलटा असलेल्या आज्ञेत. गुणांची फाइल हार्ड डिस्कवरून फ्लॉपीवर घ्यायची, त्याऐवजी फ्लॉपीवरची जुनी फाइल हार्ड डिस्कवर गेली, की नवे गुण पुसले जात. डॉसची ‘कॉपी’ आज्ञा १९९३च्या ६.२ आवृत्तीपूर्वी ‘पुसू का?’ असे विचारीतही नसे.

यावर उपाय म्हणजे जाणकाराने एकदाच नीट लिहिलेली यादी: ‘१. गुणांची प्रत घ्या. २. निकाल छापा.’ नवख्याने फक्त आकडा दाबायचा. पण तिसरे काम निघाले की पुन्हा जाणकाराची वाट पाहणे आले.

१९८६मध्ये आलेल्या नॉर्टन कमांडरने येथे वेगळी सोय केली. एफ-२ कळ दाबली की यादी उघडे. आणि ती यादी म्हणजे साधी मजकुराची फाइल होती. एका ओळीत कळ आणि कामाचे नाव, खालच्या ओळीत आज्ञा. कोणीही ती वाचावी, बदलावी, वाढवावी. १९९४पासून विकसित झालेल्या मिडनाइट कमांडरने हीच सोय युनिक्सवर नेली; लिनक्सवर ती आजही वापरता येते.

भाषेचा प्रश्न उरलाच होता. पुण्याच्या सी-डॅकच्या (स्थापना १९८८) ‘जिस्ट’ कार्डामुळे डॉसच्या पडद्यावर देवनागरी आली. आज्ञा इंग्रजीत राहिली तरी कामाचे नाव मराठीत लिहिणे शक्य झाले.

शाळेत लिनक्सचा संगणक असेल, तर मुलांना तयार यादी देऊन थांबू नये. नेहमीची तीन कामे त्यांनाच निवडू द्यावीत, नावे मराठीत लिहू द्यावीत, आणि प्रत्येक नावाखालची आज्ञा मोठ्याने वाचायला सांगावी. फळा वाचणारा जेवून जातो. फळ्यावर लिहिणाऱ्याला मात्र चुलीवर काय आहे ते पाहावेच लागते.